चार दांड्यांचं मॉडेल रॉकेट लाँच पॅड: एकेक उडतं, चारही एकदम का उडत नाहीत?

प्लेनोची_आई

नमस्कार. इथे इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे सगळे देते, म्हणजे उलटं विचारत बसावं लागणार नाही.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. रविवारच्या मराठी शाळेतली ८ ते १२ वर्षांची मुलं आणि मी मिळून मॉडेल रॉकेटं करतो. पुठ्ठ्याची नळी, बाल्साचे पंख, प्लास्टिकचं नाक, आत पॅराशूट, आणि खाली दुकानातून आणलेली ए किंवा बी वर्गाची, म्हणजे लहान ताकदीची, तयार मोटर. उडवायला एका ओळखीच्यांचं गवताळ रान आहे, त्यांची परवानगी आहे. मुलं रॉकेटची नावं देवनागरीत रंगवतात. 'गरुड' आहे, 'तोफगोळा' आहे, एकीने 'आजीचं विमान' असं लिहिलंय आणि ते सगळ्यांत सरळ जातं.

संचासोबत येणाऱ्या कंट्रोलरवर एका वेळी एकच रॉकेट सुटतं. एक मूल बटण दाबतं, बाकीची उन्हात ताटकळतात. म्हणून चार दांड्यांचं पॅड केलं. ६ फुटी टू-बाय-फोरची फळी, खाली चार पाय, वर एक अष्टमांश इंच जाडीच्या आणि ३ फूट लांबीच्या चार स्टीलच्या सळया. धूर आणि ज्वाळा फळीवर येऊ नयेत म्हणून चारही सळयांखालून एकच लांब स्टीलचा पत्रा टाकलाय. माझ्याकडे यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, किल्लीचा स्विच आणि मोठं लाल पुश बटण. तिथून पॅडपर्यंत ३० फूट लांब, २२ गेजची दोन पदरी वायर. पॅडवर एक डबी, तिच्यात चार टॉगल स्विच, आणि प्रत्येकातून निघणारी क्रोकोडाइल क्लिपांची जोडी.

एकेक रॉकेट सोडलं की झकास जातं. दोन सोडली तरी जातात, पण मागेपुढे. चारही टॉगल चालू करून बटण दाबलं की एखादं उडतं, कधी दोन, आणि बाकीची जागेवरच. त्यांचे इग्नायटर (मोटरच्या तोंडात बसणारी, विजेने तापून मोटर पेटवणारी तार) काढून पाहिले तर शाबूत. बॅटरी पूर्ण भरलेली होती, मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवत होती. क्लिपा पॉलिश पेपरने घासून घेतल्या होत्या.

माझे प्रश्न असे. जाड वायर आणावी का? १४ गेजची वायर महाग आहे आणि गुंडाळायलाही जड. कोणी म्हणतं रिले (कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) लाव आणि बॅटरी पॅडपाशी ठेव. पण रॉकेटच्या शेजारी बॅटरी ठेवायची कल्पनाच मला पटत नाही, कारण तिथेच मुलं वाकून क्लिपा लावत असतात.

आणि दुसरं, जे मला रात्री झोपू देत नाही. रॉकेट उडालं नाही की मुलं पॅडकडे धाव घेतात. मी ओरडते, ती थांबतात. पण ओरडण्यावर किती दिवस विसंबायचं? वायरिंगमध्येच काही करता येईल का?

शिवाय इग्नायटर नीट लागलाय की नाही हे दाखवणारा दिवाही हवा आहे. एकाने साधा बल्ब लाव म्हणून सांगितलं, दुसऱ्याने अजिबात लावू नको म्हणून.

---

निवृत्त_सिग्नलवाला

ताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. मी मध्य रेल्वेत भुसावळ विभागात सिग्नलच्या देखभालीवर होतो. आता मुलीकडे ओहायोत असतो आणि नातवाच्या क्लबाचं लाँच पॅड सांभाळतो. तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, पण आधी पहिला उरकू.

२२ गेजच्या वायरचा रोध फुटामागे सुमारे ०.०१६ ओहम असतो. ३० फूट जायचे, ३० फूट यायचे, म्हणजे ६० फुटांना जवळजवळ १ ओहम. इग्नायटर ०.८ ओहमच्या आसपास धरा. एकच जोडलात तर, बॅटरी आणि क्लिपांचा ०.१ धरून, १२.६ भागिले १.९, म्हणजे साडेसहा अँपिअर. उत्तम. चार समांतर जोडलेत की त्यांचा मिळून रोध ०.२ होतो. एकूण प्रवाह साडेनऊ अँपिअरच्या आसपास जातो, पण तो चौघांत वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला २.४. बाकीचे सगळे व्होल्ट वायरच खाते, क्लिपांवर दोन व्होल्टही उरत नाहीत. अशा इग्नायटरला २ अँपिअर तरी लागतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर चालते हे लक्षात घ्या. एकट्याला मिळते त्याच्या एक अष्टमांश उष्णता चौघांतल्या प्रत्येकाला मिळतेय. ते हळूहळू तापतात, आणि ज्याचा रोध किंवा क्लिपेची पकड थोडी वेगळी असेल तो आधी पेटतो.

आता पुढचं. पहिला पेटून तुटला की उरलेल्या तिघांना जास्त प्रवाह मिळायला हवा आणि तेही पाठोपाठ पेटायला हवेत. मग तसं का होत नाही? मला दोन कारणं दिसतात. मुलं पहिलं रॉकेट उडताच बटण सोडत असणार, हे एक. दुसरं तुमच्या पत्र्यात आहे. रॉकेट निघून गेलं की त्याच्या क्लिपा मोकळ्या होऊन खाली स्टीलवर पडतात. दोन्ही टेकल्या की शॉर्ट. मग सगळा प्रवाह त्या मोकळ्या जोडीतून जातो आणि उरलेल्या इग्नायटरांना काहीच मिळत नाही. पुढच्या वेळी कोणाला तरी फक्त क्लिपांकडे बघायला सांगा, ठिणगी दिसेल.

म्हणून जाड वायर आणू नका. बॅटरी पॅडपाशी न्या आणि प्रत्येक सळईला स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्या. गाडीच्या हॉर्न-दिव्यांसाठी मिळणारे १२ व्होल्ट ३० अँपिअरचे रिले घ्या, स्वस्त आणि दणकट असतात. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. ३० वर बॅटरीचा धन, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८७ वरून क्लिपेला. दुसरी क्लिप थेट ऋणाला. क्लिपांपर्यंत १६ गेजची वायर, वीतभर जास्त ठेवा पण उगाच लांब नको. आता प्रत्येक इग्नायटरला १० अँपिअरच्या वर प्रवाह मिळेल, चारही एका दमात पेटतील, आणि एखादी जोडी शॉर्ट झाली तरी तिचाच फ्यूज जाईल.

एक गोष्ट अगदी डोळ्यांत तेल घालून पाहा. रिले चार पिनांचाच घ्या. पाच पिनांच्या रिलेत मधोमध ८७ए अशी पिन असते, आणि ती रिले बंद असताना जोडलेली असते. चुकून क्लिप तिच्यावर गेली तर बॅटरी लावल्याक्षणी रॉकेट सुटेल.

लांब वायरमधून आता फक्त कॉइलचा प्रवाह जाणार, रिलेमागे साधारण ०.१५ अँपिअर. त्याला नेटवर्कची केबल पुरते. तिच्यात आठ पदर असतात. दोन पदर एकत्र करून पॅडच्या बॅटरीचा धन तुमच्या हातातल्या डबीत आणा. तिथे किल्ली, मग पुश बटण, मग चार टॉगल. त्या चार टॉगलमधून चार पदर परत जाऊन एकेका कॉइलला भेटतील. म्हणजे टॉगलही पॅडवरून उठून तुमच्या हातात येतील, तिथे ते मुळात नकोतच. सातवा पदर किल्लीच्या पुढून काढा आणि पॅडवर एक बझर लावा. किल्ली फिरली की पॅड ओरडू लागेल, तुम्हाला ओरडावं लागणार नाही. आठवा शिल्लक ठेवा. प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड टाका, नाहीतर बटणाचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी खराब होतील. पुश बटण सोडलं की आपोआप बंद होणारंच हवं.

आता मुलांचा प्रश्न. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे: काहीही बिघडलं तरी सिग्नल धोक्यावरच गेला पाहिजे. सिग्नलची तार तुटली की वजनाने हात आपोआप आडवा होतो. रिलेची वीज गेली की आर्मेचर (आतली हलती पट्टी) स्वतःच्या वजनाने पडतं आणि लाल लागतो. तुमचं पॅडही असंच हवं. वायर तुटली, बटण सुटलं, किल्ली निघाली, तर पॅड मेलेलंच राहिलं पाहिजे. वर सांगितलेल्या जोडणीत ते होतं.

आणि किल्ली. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला लोखंडी गोळा देत असत, नीलचं बॉल टोकन. तो गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघायची नाही, आणि एका वेळी यंत्रातून एकच गोळा बाहेर येई. तुमच्या किल्लीला हाच नियम लावा. कुलपासोबत दोन किल्ल्या येतात, दुसरी घरी कपाटात ठेवा, मैदानावर आणूच नका. पहिलीला हातभर लांब लाल फीत बांधा. जो पॅडकडे जाईल त्याच्या गळ्यात ती फीत. गळ्यात फीत नसेल तर पॅडभोवतीच्या दोरीच्या पलीकडे पाऊल नाही. किल्ली कंट्रोलरमध्ये असेल तर पॅडकडे जायला किल्लीच नाही, आणि किल्ली पॅडकडे गेली असेल तर बटण दाबून काही होणार नाही. ८ वर्षांच्या मुलाला हे एका मिनिटात कळतं, कारण त्याला ती फीत गळ्यात घालायची असते. आमच्या क्लबात लहान मुलंच मोठ्यांना अडवतात, "काका, फीत कुठे आहे?"

एवढ्यावर मी थांबत नाही. केबलवर कोणाचा पाय पडला, दोन पदर आत चिकटले, तर किल्लीला वळसा घालून रिले ओढला जाऊ शकतो. म्हणून बॅटरीचा धन एका ओढून काढता येणाऱ्या प्लगमधून आणा आणि बॅटरीची पेटी फळीच्या टोकापासून ५-६ फूट लांब ठेवा, तेवढ्या अंतराला वायर मात्र चांगली जाड घ्या. पॅडपाशी पोचल्यावर पहिलं काम प्लग ओढायचं, निघताना शेवटचं काम प्लग लावायचं. लावणारं माणूस मोठं हवं, तेव्हा पॅडजवळ दुसरं कोणी नको, आणि किल्ली त्याच्याच गळ्यात. बॅटरीजवळ वाकण्याची तुमची जी भीती आहे ती याने जाईल.

दिव्याबद्दल: बल्ब नको, ज्याने नको म्हटलं त्याचं ऐका. बल्बमधून शेकडो मिलिअँपिअर जाऊ शकतात आणि काही जातींचे इग्नायटर तेवढ्यावर पेटतात. त्याऐवजी प्रत्येक रिलेच्या ३० आणि ८७ या पिनांमध्ये एलईडी आणि १ किलो-ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा. १० मिलिअँपिअर जातात, इग्नायटर जोडलेला असेल तरच एलईडी लागतो.

गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्बही होल्डरसकट आणा, पण तो तपासायला. रॉकेट लावण्याआधी क्लिपा या बल्बला जोडा आणि प्लग लावा. एलईडी लागला आणि बल्ब काळा राहिला तर सगळं ठीक. बल्ब झगझगीत लागला तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा केबल शॉर्ट आहे, आणि तुमच्या रॉकेटऐवजी बल्बने ते सांगितलं. प्रत्येक उड्डाणानंतर, नवा इग्नायटर लावण्याआधी हे करायचंच. रिले चिकटायचा असेल तर तो मागच्याच उड्डाणात चिकटलेला असतो.

नाही उडालं तर: किल्ली काढा, फीत गळ्यात, आणि ६० सेकंद कोणीही हलायचं नाही. इथल्या राष्ट्रीय रॉकेट संघटनेच्या सुरक्षा नियमांत हा मिनिट लिहिलेला आहे. आमच्याकडे मुलं तो मिनिट मोठ्याने मोजतात. उभं राहायचं अंतर डी वर्गापर्यंतच्या मोटरला किमान १५ फूट, त्याहून मोठ्याला ३० फूट. नेटवर्कची केबलही ३० फुटांचीच ठेवा, कमी करू नका.

---

बाल्सा_आणि_भुसा

काकांनी वायरिंगचं सगळं सांगितलंय, मी लाकूड-पत्र्याचं सांगते. मी कोलोरॅडोत असते आणि सुतारकाम करते, पॅडं बरीच केली आहेत.

तो लांब पत्रा काढून टाका. प्रत्येक सळईखाली स्वतंत्र सिरॅमिकची टाइल ठेवा, बाथरूमला लावतात ती, मधोमध हिऱ्याच्या बिटने भोक पाडून. टाइल वीज नेत नाही, त्यामुळे क्लिपा पडल्या तरी शॉर्ट होणार नाही. तडकली तर दुसरी. ज्यांना पत्राच हवा असतो ते तो तिरका लावतात म्हणजे ज्वाळा एका बाजूला वळते, पण मग क्लिपांच्या पाठीला चिकटपट्टी लावावी लागते आणि ती जळते.

सळया तुम्ही फळीत ठोकून बसवल्या असाव्यात. पुढेमागे मोठं रॉकेट करावंसं वाटलं की तीन षोडशांश इंचाची जाड सळई लागेल आणि भोकं बदलावी लागतील. त्यापेक्षा जुन्या ड्रिल मशीनचे चक मिळतात ते फळीत बसवा. हवी ती सळई घालायची, चावीने आवळायची, परतताना काढून घ्यायची. वाहतुकीतही सळया वाकत नाहीत. वाकलेली सळई सरळ करायच्या भानगडीत पडू नका, रॉकेटच्या अंगावरची छोटी नळी तिच्यात अडकते आणि मोटर पेटूनही रॉकेट जागेवर जळत राहतं. उड्डाणांच्या मधे सळई बारीक स्टील वूलने पुसा, काळी राख चिकटून खरखरीत होते.

रॉकेट टाइलवर टेकवून ठेवू नका. सळईवर कपड्याचा लाकडी चिमटा लावा आणि रॉकेट त्याच्यावर बसवा. तीन-चार इंच उंच राहिलं की क्लिपा लावायला बोटं जातात आणि इग्नायटर वाकून निघून येत नाही. रॉकेट नाही उडालं तर बऱ्याच वेळा कारण तेच असतं, इग्नायटर मोटरच्या तोंडातून अर्धा बाहेर आलेला. प्लास्टिकची बूच नीट दाबली की तो आतल्या दारूला टेकून राहतो.

दोन सळयांत निदान १८ इंच ठेवा. तुमच्या ६ फुटी फळीत चार आरामात बसतात.

सळईच्या टोकाला टोपण: हे मात्र कृपा करून आजच करा. ३ फुटांची सळई पायांसकट तुमच्या ८ वर्षांच्या मुलाच्या बरोबर डोळ्याच्या उंचीवर येते, आणि ते क्लिपा लावायला वाकणार. एक तर टोक मोठ्यांच्याही डोक्याच्या वर जाईल इतकं पॅड उंच करा, नाहीतर टोकाला चमकदार रंगाचा चेंडू खोचा आणि उड्डाणाच्या आधी शेवटी काढा. माझ्याकडे टेबल टेनिसचे नारिंगी चेंडू आहेत.

डॅलसच्या बाजूची जमीन काळी चिकण आहे ना? उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाऊस झाला की पाय रुततात, मराठवाड्यातल्यासारखंच. पॅडचे पाय टोकदार ठेवू नका. चारही पायांखाली प्लायवुडचे हातभर चौकोन स्क्रूने बसवा. एक पाय रुतला की चारही सळया एकदम कलतात. उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत राहायचं हा नियम आहे, पण ३० फार झाले, ५-१० अंश वाऱ्याकडे कललेले पुरतात. ताशी २० मैलांच्या वर वारा असेल तर उडवूच नका.

आणि टेक्ससमध्ये उन्हाळ्यात काउंटीची आग पेटवायला बंदी लागते, निघण्याआधी ती बघा. बंदी नसली तरी वाळलं गवत आहे. पॅडभोवती गवत अगदी जमिनीपर्यंत कापा, एक जुनी चादर भिजवून फळीखाली अंथरा, आणि फवारणीचा पंप पाण्याने भरून ठेवा. पंपाशी एक मोठं माणूस, ज्याला आकाशात बघायची परवानगी नाही. त्याचं लक्ष जमिनीवरच.

---

नाशिकचे_सर

मी इथे शाळेत विज्ञान शिकवतो. हे सगळं वाचून मुलांना दाखवावंसं फार वाटतंय, पण इथे त्या तयार मोटरी दुकानात मिळत नाहीत. मुलं विचारतात, "सर, फटाक्याची दारू काढून नळीत भरली तर?" मी सरळ नाही म्हणतो. विस्फोटक अधिनियम १८८४ चा आणि २००८ चे नियम आहेत, दारू म्हटलं की परवान्याचा विषय येतो, आणि तो सांभाळणारी पेसो ही केंद्र सरकारची संघटना तर आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं.

आम्ही पाण्याचं रॉकेट करतो. थंड पेयाची २ लीटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, उरलेल्यात सायकलच्या पंपाने हवा. साध्या पाण्याची बाटली चालत नाही, ती पातळ असते, फक्त फसफसणाऱ्या पेयाची घ्यायची. अर्धा इंची पीव्हीसी पाइप, त्यावर ओ-रिंग, पाइपभोवती केबल टायची डोकी वर येतील अशी बांधलेली. ती डोकी बाटलीच्या गळ्याजवळची कड पकडून ठेवतात. त्यांच्यावर मोठ्या पाइपचा एक तुकडा सरकवून बसवतो. तुकडा खाली ओढला की टाय बाहेर पसरतात आणि बाटली सुटते. मी ४५ पीएसआयच्या पुढे जात नाही.

सध्या तो तुकडा दोरीने ओढतो. दोरीने पॅडच हलतं, रॉकेट तिरकं जातं. काकांचा कंट्रोलर वाचून सुचलं की गाडीच्या सेंट्रल लॉकचं अ‍ॅक्च्युएटर (दाराचं कुलूप ओढणारी-ढकलणारी छोटी मोटर) १२ व्होल्टवर चालतं आणि ऑटोच्या दुकानात स्वस्त मिळतं. ते त्या तुकड्याला जोडलं, तर रिले, किल्ली, फीत, बझर हे सगळं जसंच्या तसं वापरता येईल ना? काका, काही धोका दिसतो का?

---

निवृत्त_सिग्नलवाला

सर, कल्पना चांगली आहे, पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. दारूच्या मोटरला वीज मिळाली नाही की ती गप्प पडून राहते. किल्ली काढली, मिनिटभर थांबलं, जवळ गेलं. तुमच्या बाटलीत वीज गेली तरी हवा तशीच कोंडलेली आहे. अ‍ॅक्च्युएटर अडकलं आणि तुम्ही किल्ली काढलीत, तर पॅड मेलं नाही, भरलेलंच आहे. अशा बाटलीजवळ कोणीही जायचं नाही, सरांनीही नाही.

म्हणून हवा लांबून सोडायची सोय आधी करा, अ‍ॅक्च्युएटर नंतर. ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बहुतेक तुम्ही पॅडवरच बसवला असेल. तो उलट दिशेने हवा सोडत नाही, त्यामुळे पंप काढला तरी बाटली रिकामी होत नाही. तो व्हॉल्व्ह पॅडवरून काढून नळीच्या या टोकाला, पंपवाल्याजवळ आणा. त्याच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक छोटा बॉल व्हॉल्व्हचा कॉक बसवा. काही बिघडलं की कॉक उघडायचा, हवा आणि थोडं पाणी तुमच्या पायाशी निघून जाईल आणि बाटली लुळी पडेल. कॉक उघडा दिसेपर्यंत फीत कोणाच्याही गळ्यात जायची नाही, हा नियम वाढवा.

अ‍ॅक्च्युएटरला दाब असताना तुकडा ओढायला किती जोर लागतो ते आधी स्प्रिंगच्या काट्याने मोजा, रिकाम्या बाटलीवर मोजू नका. ते मोजतानाही बाटलीजवळ उभे राहू नका, काटा दोरीच्या तुमच्याकडच्या टोकाला लावा आणि लांबूनच ओढा. जोर जास्त लागत असेल तर पाइपच्या तुकड्याला आतून सिलिकॉन ग्रीस लावा, किंवा मोठ्या लिव्हरने ओढा. अ‍ॅक्च्युएटरचा धक्का छोटा असतो, दोन सेंटिमीटरच्या आसपास, तुमचा तुकडा तेवढ्यात सुटतो का ते बघा.

मुलांना फटाक्याच्या दारूबद्दल नाही सांगितलंत ते अगदी योग्य. या छंदाचा जन्मच त्यातून झाला हे त्यांना सांगा. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल बुटांचं दुकान चालवायचे. त्यांनी भावासोबत १९५४ साली पहिलं मॉडेल रॉकेट आणि त्याची एकदा वापरायची मोटर तयार केली. पुढे १९५७ साली स्पुटनिक गेला आणि अमेरिकेतली मुलं घरच्या घरी नळ्यांत दारू ठासू लागली, त्यात बोटं आणि डोळे गेले. तेव्हा रॉकेट अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी कार्लाइलांची मोटर उचलून धरली. दारू मुलांनी हाताळायचीच नाही, बाकी सगळं मुलांनी करायचं, हा तो विचार. तुमच्या बाटलीतही तोच आहे.

---

प्लेनोची_आई

काका, ताई, सर, मनापासून आभार. काल घराच्या मागच्या अंगणात रॉकेटशिवाय, नुसते इग्नायटर लावून जुन्याच वायरिंगवर बघितलं. मुलीला फक्त क्लिपांकडे बघायला बसवलं होतं. "आई, ठिणगी!" पहिल्याच वेळेला. पहिल्या जोडीची क्लिप पत्र्यावर पडली आणि उरलेले तीन इग्नायटर तसेच राहिले. पत्रा काढून खाली फरशी ठेवली, बटण दाबून धरलं, तर चारही गेले, पण एकापाठोपाठ एक, पायऱ्या उतरल्यासारखे. वायरचं गणितही तंतोतंत जुळलं.

चार पिनांचे चार रिले मागवलेत. नेटवर्कची केबल घरात होती. फीत मुलीने निवडली, नऊवारीच्या काठाची आहे, लाल आणि हिरवी. दुसरी किल्ली कपाटात गेली.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. चारही रिले एकाच डबीत घालू का, की प्रत्येक सळईपाशी एकेक? एका डबीत घातले तर शेवटच्या सळईपर्यंतची वायर पहिलीपेक्षा ४ फूट जास्त होते.

---

निवृत्त_सिग्नलवाला

एकाच डबीत, फळीच्या मधोमध, खालच्या अंगाला. मग कुठलीच वायर ३ फुटांच्या वर जात नाही. १६ गेजला ३ फूट जाऊन येऊन ०.०२४ ओहम, इग्नायटरच्या ०.८ पुढे काहीच नाही. चारही जोड्या सारख्याच लांबीच्या कापा आणि जवळच्या सळयांची जास्तीची वायर गुंडाळून बांधा. डबीच्या झाकणावर १ ते ४ आकडे आणि तेच आकडे सळयांवर आणि टॉगलवर ठळक रंगवा. डाग दिल्यावर प्रत्येक जोड ओढून बघा, आणि पहिल्यांदा प्लग लावाल तेव्हा चारही क्लिपांना रॉकेट नाही, इंडिकेटरचा बल्ब असू द्या.

मधल्या १५ अँपिअरच्या फ्यूजचे चार जास्तीचे खिशात ठेवा, मैदानाजवळ दुकान नसतं.